पाण्यातील धातू आणि विजेची गाळणी
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या गावाचे नाव एखाद्या ग्रंथात छापलेले आढळावे, याचे अप्रूप ग्रंथप्रेमी माणसाला असतेच. सौंसरच्या वाट्याला हे भाग्य फार मोठ्या प्रमाणावर आलेले आहे; पण ते साहित्याच्या ग्रंथांत नव्हे, भूविज्ञानाच्या ग्रंथांत. जगाच्या पाठीवर कोठेही भारताच्या प्राचीन खडकांचा अभ्यास होतो, तेथे ‘सौंसर’ हा शब्द उच्चारावाच लागतो. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून गेलेल्या एका अतिप्राचीन खडकसमूहाला सौंसरचे नाव आहे. या समूहाच्या पोटात मँगनीजच्या खनिजाचे मोठे साठे आहेत, आणि त्यांच्यामुळेच हे नाव दूरवर गेले.

हा पट्टा प्रथम सविस्तर अभ्यासला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर या इंग्रज अधिकाऱ्याने. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्याचा बृहद्ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पुढे प्रवासवर्णनकार म्हणून ख्याती पावलेले पॅट्रिक ली फर्मर हे त्याचेच चिरंजीव. वडिलांनी दगड वाचले, मुलाने देश वाचले. फर्मरने या भागातील मँगनीजयुक्त खडकाच्या एका जातीला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथे मिळालेल्या एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असे म्हटले. ते खनिज म्हणजे आधीच ठाऊक असलेले बिक्सबाइट होय, हे पुढे सिद्ध झाले आणि सीतापारचे नाव मागे पडले. शास्त्रात नाव टिकते ते केवळ कसोटीवर. हा धडा त्यातून घ्यावा.

पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिली, नागपूर मात्र मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. भाषा मराठी, राज्यकारभार हिंदी, बाजारपेठ नागपूरची, अशी या भागाची तिहेरी ओळख. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. जिल्हा झाला की कार्यालये येतात, रस्ते रुंद होतात, वस्ती वाढते. वस्ती वाढली की पहिला प्रश्न पाण्याचा येतो. आजचा विषय त्या पाण्याशी निगडित आहे. पाण्यात विरघळलेले घातक धातू विजेच्या साहाय्याने कसे वेगळे काढता येतात, ही विद्या काय आहे, आणि मुख्य म्हणजे ती आपल्या भागाच्या कामाची कितपत आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाणी ज्या खडकातून झिरपते त्या खडकाचा अंश घेऊन वर येते. पांढुर्ण्याकडे दख्खनचा काळा पाषाण आणि त्यावरील काळी कसदार जमीन आहे. सौंसरच्या बाजूला मँगनीजचा प्राचीन पट्टा आहे. मँगनीज हा स्वभावतः दुष्ट धातू नव्हे. पोलाद त्याच्यावाचून होत नाही, आणि मनुष्याच्या शरीरालाही तो अल्प प्रमाणात हवा असतो. डाळी, धान्य, चहा यांतून तो रोज पोटात जातो. परंतु ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हे वचन धातूंना अक्षरशः लागू पडते. ग्लासगोचे वैद्य कूपर यांनी १८३७ साली मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. त्यांचे पाय डळमळू लागले होते, चेहरे निर्विकार झाले होते, वाणी क्षीण झाली होती. धुळीवाटे शरीरात गेलेल्या मँगनीजने मज्जासंस्थेवर केलेला तो आघात होता.

पाण्यातील मँगनीजची गोष्ट याहून सौम्य आहे, म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. भारतीय मानकानुसार, म्हणजे २०१२च्या आयएस १०५०० नुसार, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मँगनीज स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ०.०८ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचविली, आणि ती ठरविताना डोळ्यांपुढे ठेवले ते बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल. ही बाब मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रौढ माणसाचे यकृत जादा मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा अद्याप अपुरी असते, आणि भुकटीचे दूध पाण्यातच कालवले जाते. तेव्हा मर्यादा ओलांडली गेली तर त्याचा भार पहिल्याने पाळण्यातल्या जिवावर पडतो.

या भागातील अमुक विहिरीत, तमुक हापशात मँगनीज जास्त आहे असे येथे सांगावयाचे नाही. खडकात धातू आहे म्हणून पाण्यात तो असेलच असे नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तर मँगनीज काळ्या अविद्राव्य रूपात दगडाला चिकटून राहतो. खोल, कोंडलेल्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मात्र तो विरघळतो. म्हणून एकाच गावात उघडी विहीर निर्दोष आणि शेजारची खोल बोअर सदोष, असे घडू शकते. धुतलेल्या कपड्यांवर तपकिरी डाग, माठाच्या किंवा टाकीच्या आतून काळपट बुळबुळीत थर, ही त्याची बाह्य लक्षणे. पण खरे उत्तर प्रयोगशाळाच देते.

आता प्रश्न असा की असा धातू पाण्यातून काढावा कसा? आपल्या पूर्वजांना पाणी स्वच्छ करण्याची विद्या चांगली अवगत होती. सुती कापडाच्या घडीतून पाणी गाळणे, तुरटी फिरविणे, निवळीची बी माठात उगाळणे, हे उपाय घरोघर होते. निवळीचा उल्लेख मनुस्मृतीतही आढळतो. केवळ त्या झाडाचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त तेथे दिलेला आहे. परंतु हे सारे उपाय गढूळपणावरचे आहेत. मातीचे कण पाण्यात तरंगत असतात. ते खाली बसविता येतात. विरघळलेला धातू तरंगत नसतो, तो पाण्यात मुरलेला असतो. स्फटिकासारख्या निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो. उकळण्याने जंतू मरतात, धातू मरत नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. डोळा, जीभ आणि चूल या तिन्ही परीक्षकांना तो चकवितो.

विरघळलेला धातू पाण्यात असतो तो विद्युत्भार धारण केलेल्या सूक्ष्म कणाच्या रूपात. या कणाला ‘आयन’ म्हणतात. १८३४ साली मायकेल फॅरडे यांनी हा शब्द रूढ केला. ‘जाणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडविला गेला, आणि अशी नावे घडविण्याच्या कामी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी फॅरडे यांना साहाय्य केले. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक आनंद आहे. ग्रीक भाषेतील तो धातू आणि संस्कृतातील ‘इ’ हा गत्यर्थक धातू एकाच कुळातले आहेत. उत्तरायण, दक्षिणायन यांतील ‘अयन’ आणि रसायनशास्त्रातील ‘आयन’ ही याप्रमाणे दूरची भावंडे ठरतात. नाव परदेशातून आले खरे, पण ते परके नाही. आणि ते अन्वर्थकही आहे, कारण पाण्यात दोन विद्युत्अग्रे बुडवून प्रवाह सोडला की हे कण खरोखरच चालू लागतात. धनभारित आयन ऋणाग्राकडे जातो, ऋणभारित आयन धनाग्राकडे जातो. धातूच्या या चालू लागण्याचाच उपयोग त्याला पाण्याबाहेर काढण्यासाठी करून घेता येईल काय, हा विचार येथून सुरू होतो.

नुसते चालविल्याने भागत नाही. गेलेल्याला परत येऊ न देणारी भिंत हवी. या भिंतीचा इतिहास थोडा जुना आहे. १७४८ साली फ्रान्समध्ये ॲबे नोले यांनी प्राण्याच्या मूत्राशयाचे कातडे मद्यार्क आणि पाणी यांच्यामध्ये ठेवून पाहिले. पाणी कातड्यातून पार गेले, मद्यार्क जवळजवळ गेला नाही. सर्वांना सारखी वाट न देणारा पडदा असू शकतो, हे त्यातून कळले. १८६१ साली थॉमस ग्रॅहम यांनी अशाच पडद्याने क्षार आणि गोंदासारखे पदार्थ वेगळे करून दाखविले आणि त्या क्रियेला डायलिसिस हे नाव दिले. मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे हा शब्द आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झालेला आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला अपोहन म्हणतात. या अपोहनाला विजेची जोड दिली की विद्युत्-अपोहन होते. १८९० साली साखरेच्या पाकातील क्षार काढण्यासाठी अशी युक्ती योजली गेली होती, पण योग्य पडदा नसल्याने ती फार पुढे गेली नाही. १९४० साली मायर आणि स्ट्राउस यांनी एकाआड एक अनेक पडदे उभे करण्याची कल्पना मांडली, आणि १९५०च्या सुमारास अमेरिकेत जूडा आणि मॅक्रे यांनी आयन-विनिमय राळेचे खरे कामाचे पडदे तयार केले.

हा पडदा म्हणजे जाड कागदाएवढी, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची प्लॅस्टिकसारखी पत्री. तिच्यात छिद्रे पाडून आयन चाळले जातात असे नव्हे. तिच्या घडणीतच विद्युत्भार पक्के बांधून टाकलेले असतात. ज्या पत्रीत ऋणभार बांधलेला आहे ती धन आयनांना आत घेते आणि पार जाऊ देते, ऋण आयनांना मात्र दूर लोटते. धनभार बांधलेली पत्री याच्या उलट वागते. ही गाळणी जाड-बारीक पाहत नाही, भार पाहते.

आता एखाद्या चाळीतील ओळीने असलेल्या खोल्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ओळीच्या एका टोकाला धनाग्र, दुसऱ्या टोकाला ऋणाग्र. मधल्या भिंती आळीपाळीने दोन प्रकारच्या: एक फक्त धन आयनांना वाट देणारी, पुढची फक्त ऋण आयनांना. सर्व खोल्यांतून पाणी वाहत आहे. वीज सुरू होताच पहिल्या खोलीतील शिशाचा किंवा निकेलचा आयन ऋणाग्राकडे निघतो, पहिली भिंत त्याला वाट देते, तो दुसऱ्या खोलीत येतो. पुढे जाऊ पाहतो तर समोरची भिंत त्याला अडविते. ऋण आयनांचीही विरुद्ध दिशेने हीच गत होते. परिणामी एक खोली रिकामी होत जाते, शेजारची भरत जाते. एका नळाने निर्मळ पाणी बाहेर पडते, दुसऱ्याने क्षार आणि धातू साठलेले दाट पाणी. प्रत्यक्ष यंत्रात अशा शेकडो खोल्या एकमेकींना चिकटून असतात. पाण्याला पडद्यातून ढकलावे लागत नाही. चालतात ते आयन. आज घरोघर दिसणाऱ्या आरओ यंत्रात याच्या नेमके उलट होते. तेथे दाब देऊन पाणी पडद्यातून पार नेले जाते आणि क्षार मागे राहतात.

ही कल्पना केवळ पुस्तकात राहिली नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या बकाय या गावाने १९६२ साली सबंध गावाचे मचूळ पाणी विद्युत्-अपोहनाने गोडे करण्यास प्रारंभ केला. जपानने १९७०च्या दशकाच्या आरंभी मिठागरे मोडून समुद्राच्या पाण्यातून मीठ काढण्यासाठी हेच पडदे वापरले. आपल्या देशात भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने असे पडदे देशातच घडविण्याचे काम केले. मराठी माणसाला विशेष अभिमान वाटावा अशी घटना २०१५ सालची आहे. खाऱ्या भूजलाला गोडे करण्याच्या अमेरिकेतील ‘डिसाल प्राइझ’ या स्पर्धेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि जळगावची जैन इरिगेशन यांच्या संयुक्त चमूने १,४०,००० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळविले. त्यांचे यंत्र सूर्यप्रकाशावर मिळविलेल्या विजेने चालणारे विद्युत्-अपोहनाचेच होते, आणि ते भारतीय खेडे डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. केळी आणि ठिबक यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावचे नाव या विद्येशीही जोडले गेले.

येथवर गुणगान झाले. आता या विद्येच्या मर्यादा पाहू, कारण सामान्य माणसाचे हित त्या जाणण्यात आहे.

पहिली मर्यादा अशी की सर्व धातू सारखे वागत नाहीत. शिसे, कॅडमियम, निकेल, तांबे हे बहुधा धन आयन म्हणून वावरतात. क्रोमियमचे जे अत्यंत घातक रूप आहे ते मात्र प्राणवायूशी बांधले जाऊन ऋण आयन होते आणि धातू असूनही धनाग्राकडे धावते. आर्सेनिकची, म्हणजे ज्याच्यापासून आपला जुना सोमल होतो त्या द्रव्याची, तर तिसरीच तऱ्हा. भूजलात तो पुष्कळदा अशा रूपात असतो की त्याच्यावर भारच नसतो. ज्याच्यावर भार नाही त्याला वीज ओढत नाही. तो खोलीतून जसा आला तसा निघून जातो. आधी क्लोरीनसारख्या द्रव्याने त्याचे रूप बदलावे लागते, आणि पडदे बिघडू नयेत म्हणून उरलेले क्लोरीनही मग काढून टाकावे लागते. ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. राजनांदगाव भागातील कौडीकसा गावी भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तो भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता, २००० साली तो छत्तीसगढमध्ये गेला. तेथील आर्सेनिक कोणा कारखान्याने आणलेले नव्हते. ते खडकातूनच आले होते.

दुसरी मर्यादा हिशेबाची आहे. विजेला विवेक नाही. हंस नीर आणि क्षीर वेगळे करतो असे कवी सांगतात; विद्युत्-अपोहन विषारी आयन आणि निरुपद्रवी आयन यांत फारसा भेद करीत नाही. ते सर्वांनाच ओढते, आणि सर्वांच्याच ओढणीचे मोल घेते. उदाहरणादाखल १,००० लिटर पाणी घ्यावे. त्यात लिटरमागे १ ग्रॅम साधे मीठ आहे, आणि ०.१ मिलिग्रॅम शिसे, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या दहापट आहे असे समजावे. फॅरडे यांच्या नियमाने हिशेब केला तर ते मीठ हलविण्यास सुमारे साडेसोळा लाख कूलोंब विद्युत्भार लागतो, आणि शिसे हलविण्यास अवघा ९३ कूलोंब. खोल्यांच्या एका जोडीला एक व्होल्ट धरला तर मिठासाठी कागदावर अर्ध्या युनिटहून किंचित कमी वीज होते. पंप आणि गळती यांचा खर्च वेगळा. म्हणजे जवळजवळ सारी वीज मिठापायी खर्च होते आणि शिसे त्या मिठाच्या संगतीने बाहेर पडते. पाणी मुळातच खारे असेल तर हा सौदा उत्तम, कारण खारटपणा आणि विष दोन्ही एका खर्चात जातात. पाणी गोड असेल आणि धातू अगदी अल्प असेल, तर हा ढोल वाजवून उंदीर पकडण्याचा प्रकार होतो.

याच्या उलट चित्र मुलामा देण्याच्या कारखान्यात दिसते. निकेलचा मुलामा दिलेल्या वस्तू धुतल्यावर जे पाणी उरते त्यात लिटरमागे १ ग्रॅम निकेल आहे असे धरू. १,००० लिटरमध्ये १ किलोग्रॅम निकेल झाले. ते हलविण्यास वरील हिशेबानेच सुमारे एक युनिट वीज लागते, आणि हाती येते ते पुन्हा कुंडात घालता येण्याजोगे निकेलचे दाट द्रावण. येथे वीज विषासाठीच खर्च होते, आणि विषाचा पुन्हा माल होतो. म्हणून या विद्येचे खरे माहेर कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी आहे, आपल्या स्वयंपाकघरात नव्हे. नदीत मिसळून लाखो लिटरांत पसरलेले विष शोधत बसण्यापेक्षा ते जेथे जन्मते तेथेच अडविणे स्वस्त पडते, आणि न्यायाचेही ठरते.

तिसरी मर्यादा सौंसरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मँगनीज आणि लोह हे या पडद्यांचे वैरी आहेत. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढविला की पडद्यालगतच्या थरात आयन उरत नाहीत, पाण्याचेच विभाजन होऊ लागते, त्या ठिकाणची आम्लता ढळते आणि धातूंचा अवक्षेप पडद्यावर चिकटून बसतो. यावर उपाय म्हणून ठरावीक मिनिटांनी अग्रांची अदलाबदल करतात. धनाग्राचे ऋणाग्र होते, दिशा उलटते, आणि जमू लागलेला थर सुटून वाहून जातो. क्षारांच्या थराला हा उपाय पुष्कळ लागू पडतो, मँगनीजच्या काळ्या थराला तितका नाही. म्हणून मँगनीज आणि लोह आधी काढून मगच पाणी या यंत्रात सोडावे लागते. मँगनीज काढण्यासाठी जे यंत्र आणावे, त्याच्याच दारात मँगनीजला मज्जाव, अशी ही गंमत आहे.

मग सौंसरच्या पट्ट्यात एखाद्या स्रोतात मँगनीज जास्त निघालाच तर काय करावे? सुदैवाने याचे उत्तर सोपे आणि जुने आहे. लोह हवेच्या संपर्काने लवकर खाली बसते. मँगनीज थोडा हट्टी असतो, त्याला क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट यांची मात्रा द्यावी लागते. नंतर ते पाणी मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेल्या वाळूतून गाळावे. हा काळा लेप विरघळलेल्या मँगनीजला आपल्याकडे ओढून आपल्यासारखाच करून टाकतो. काट्याने काटा काढावा तसा हा प्रकार. मँगनीज डायऑक्साइड हे आपल्याच पट्ट्यातील खनिजांचे एक रूप होय. १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीच्या खाणी पुढे ज्या सरकारी कंपनीकडे आल्या, ती नागपूरची ‘मॉयल’ १९६२ साली अस्तित्वात आली. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे तिचा विद्युत् अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनविण्याचा कारखाना आहे, आणि ते शुष्क विद्युत्घटांत वापरले जाते. जी भूमी दोष निर्माण करू शकते, तिच्याच खनिजात दोषाचे औषध आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो बहुधा विचारला जात नाही. पाणी शुद्ध झाले, पण विष गेले कोठे? धातू हा मूलद्रव्य आहे. तो जळत नाही, कुजत नाही, नाहीसा होत नाही. कोणतीही गाळणी त्याला फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. विद्युत्-अपोहनाच्या दुसऱ्या नळातून जे दाट पाणी निघते, ते ओढ्यात सोडून दिले तर सारा खटाटोप व्यर्थ. ते पाणी चुन्यासारख्या द्रव्याने निवळवून त्यातील गाळ वेगळा करावा लागतो, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून २०१६च्या नियमांप्रमाणे सुरक्षित जागी पोहोचवावा लागतो. जपानातील मिनामाटा येथे समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत आला. तो रोग १९५६ साली उघडकीस आला. त्याच देशातील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भाताच्या खाचरांत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. त्याचे कारण सरकारने १९६८ साली मान्य केले. दोन्ही ठिकाणी कोणीतरी असे मानले होते की वाहत्या पाण्यात टाकले म्हणजे गेले. जाम असो की कन्हान, नदी काही विसरत नाही. ती पुढच्या गावाला देते.

तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पाण्यात नेमके काय आहे? ते ज्या रूपात आहे त्या रूपाला हे यंत्र चालते काय? आणि काढलेले द्रव्य कोठे जाणार? ज्या घरी पैसा आहे त्या घरी जाहिरात पाहून यंत्र येते, आणि ते पुष्कळदा मिळते त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. ज्या घरी पैसा नाही तेथे हापशाचे पाणी निमूटपणे प्याले जाते. दोन्ही घरी परीक्षा झालेली नसते. पहिल्या घरचे अज्ञान महाग पडते, दुसऱ्या घरचे घातक ठरू शकते.

परीक्षेची सोय आहे. मध्य प्रदेशात लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळा पिण्याचे पाणी तपासतात. मात्र गावपातळीवरील चाचणीपेटीत मँगनीज, शिसे हे धातू बहुधा नसतात. ‘मँगनीजही तपासा’ असे नाव घेऊन सांगावे लागते. धातूंसाठीचा नमुना वेगळ्या बाटलीत घ्यावा लागतो आणि त्यात आम्लाचे थेंब घालावे लागतात, अन्यथा धातू बाटलीच्या काचेलाच चिकटतो आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो. आणि एका परीक्षेने काही सिद्ध होत नाही. उन्हाळ्यातील पाणी आणि पावसाळ्यानंतरचे पाणी वेगळे असते; अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच पाण्याची चाल कळते.

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. शंभर वर्षे जपून ठेवणे, क्रमाने लावणे, मागेल त्याला दाखविणे, हे ज्या संस्थेला साधले तिच्याहून या कामाला योग्य दुसरे ठिकाण नाही. पाण्याचे अहवाल कार्यालयांत असतात, पण फायलींत. ज्याने ते पाणी प्यावयाचे त्याच्या हाती ते क्वचितच लागतात. ग्रंथालयाने एक जाड नोंदवही बांधून घ्यावी. गाव, स्रोत, खोली, तारीख, ऋतू, प्रयोगशाळा, लोह, मँगनीज, फ्लोराइड, आर्सेनिक, शिसे, असे रकाने आखावेत. प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या किंवा शेतावरच्या एका विहिरीचा अहवाल वर्षातून दोनदा त्यात नोंदवावा, आणि ती वही वर्तमानपत्रांच्या मेजावर सर्वांना खुली ठेवावी. सभासद नसलेल्या माणसालाही ती पाहता यावी. फर्मरने सबंध पट्ट्याचे दगड नोंदविले, पण त्या दगडांतून झिरपणारे पाणी पिणाऱ्यांची नोंद अजून व्हावयाची आहे.

विद्युत्-अपोहनाची विद्या वाढत आहे. पडदे स्वस्त होतील, अधिक विवेकी होतील. ती या भागात केव्हा आणि कोठे हवी, हे सांगण्याइतपत माहिती त्या वहीत वीस वर्षांत जमेल. पहिल्या पानासाठी फक्त एक बाटली पाणी आणि एक अर्ज पुरेसा आहे.